अंगणातल्या लायटिंगचं प्लॅनिंग: दिवे सगळ्यात शेवटी विकत घ्या

पहिल्यांदा मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील. गेटपासून दारापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चार-चार असे आठ बुटके खांब-दिवे आणले, पांढरेफटक ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर), समोरासमोर एका रेषेत ठोकले, आणि भिंतीवर उंचावर एक ५० वॅटचा फ्लड लाईट. रात्री बटण दाबलं तर विमानाची धावपट्टी! खिडकीत बसलं की आठ पांढरे ठिपके आणि त्यांच्यामागे काळंकुट्ट, आधी अंधारात निदान झाडांचे आकार तरी कळायचे, तेही गेले. वर्षभरात त्यातले सहा उपटले. दिव्यांचा दोष नव्हता, मी सुरुवातच दुकानातून केली होती.

म्हणून खालचा क्रम असा आहे की खरेदी बरीच नंतर येते. आणि सगळीकडे एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, आपल्याला उजेड दिसायला हवाय, दिवा नाही.

१. आधी अंधार बघून घ्या

रात्री घरातले बाहेरचे सगळे दिवे बंद करून अंगणात जा आणि नुसते बसा. मोबाईल घरात ठेवून. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, मधे एकदा जरी स्क्रीन बघितली तरी बराचसा हिशेब पहिल्यापासून. एवढा वेळ बसलात की कळतं रस्त्यावरच्या दिव्याचा किती उजेड फुकटात येतोय, शेजारच्यांचा दिवा कुठून डोकावतोय आणि खरोखर काळोख कुठे आहे. माझ्याकडे एक कोपरा असा निघाला की तिथे मी दिवा लावणार होतो आणि तिथे आधीच वाचता येईल इतका उजेड होता.

मग चालून बघा. गेट ते दार, दार ते गाडी, मागचं दार ते पाण्याचा नळ, जिथे जिथे रात्री खरंच जाता तिथे. पाय कुठे अडखळतो, कुलपाचं भोक कुठे सापडत नाही, पायरी कुठे संपते ते कळत नाही, हे लिहून ठेवा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना बरोबर घ्या (हात धरून अर्थात), कारण वय वाढलं की डोळ्याला उजेड जास्त लागतो आणि त्याच वेळी झगझगाटाचा त्रासही जास्त होतो, तरुण डोळ्यांनी केलेलं प्लॅनिंग त्यांना चालेलच असं नाही.

शेवटी घरात जाऊन प्रत्येक खिडकीतून बाहेर बघा. हे बहुतेक जण विसरतात. अंगणात आपण रात्री असून असून किती वेळ असतो, खरं तर बघतो ते खिडकीतूनच.

२. कागदावर नकाशा

टेप घेऊन मापं काढा, मोडकातोडका चालेल पण प्रमाणात काढलेला नकाशा हवा. त्यात घर, वाटा, पायऱ्या, झाडं, नळ, बाहेरचे पॉइंट, जमिनीखालून पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन गेली असेल तर ती, आणि जिथे तुम्ही खुरपणी-खणणी करता ते वाफे. झाड आज आहे तेवढं न काढता पाच वर्षांनी जेवढं होईल तेवढं काढा, आज कंबरेएवढं असलेलं झुडूप उद्या दिवाच गिळून टाकतं.

आता तीन रंगांच्या पेन्सिली. एकाने चालण्यासाठी लागणारा उजेड, दुसऱ्याने काम करायला किंवा ओळख पटायला लागणारा (कुलूप, गेट, गाडीजवळ, दारात उभ्या माणसाचा चेहरा), तिसऱ्याने निव्वळ शोभेचा. पहिल्या दोन रंगांत काटछाट नको. तिसऱ्यात मात्र निर्दय व्हा. एक झाड, एक भिंत, फार तर अजून एक जागा. सगळंच उजळलं की बघायला काहीच उरत नाही, आणि मधला अंधार हाच त्या एका झाडाला उठाव देतो.

३. टॉर्च घेऊन रिहर्सल

ही पायरी सगळ्यात मजेची आणि फुकट. दोन माणसं लागतात, एक टॉर्च धरणारा, दुसरा खिडकीत बसून हुकूम सोडणारा. एकाच झाडावर टॉर्च पाच जागांवरून मारून बघा.

खोडाच्या बुडापासून वर मारली तर खोडाची साल आणि फांद्यांचा आतला पसारा दिसतो. हाच दिवा खोडापासून एक-दोन पावलं लांब नेला तर आख्खा घेर उजळतो. झाडाच्या मागे ठेवून मागच्या भिंतीवर मारली तर झाड काळ्या छायेसारखं दिसतं, आणि पुढून मारली तर झाडाची मोठी सावली भिंतीवर पडते, वारा आला की हलते, मला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. पाचवा प्रकार म्हणजे टॉर्च काठीला बांधून उंच फांदीवरून खाली सोडायची, पानांमधून गाळून आलेला उजेड जमिनीवर पडतो तो अगदी चांदण्यासारखा. मोठं झाड असेल तर हा प्रकार नक्की करून बघा, एका दिव्यात खालची वाटसुद्धा भागते.

भिंतीचं वेगळं. दगडी किंवा खडबडीत भिंत असेल तर दिवा भिंतीला अगदी चिकटून, १५-२० सेंटीमीटरवर, वर किंवा खाली तोंड करून ठेवायचा, प्रत्येक दगडाची सावली उठते. पण गुळगुळीत प्लॅस्टर असेल तर चुकूनही असं करू नका, गवंड्याने केलेली प्रत्येक लाट आणि प्रत्येक तडा दिसायला लागतो. अशा भिंतीला दिवा एक मीटरभर लांब ठेवायचा म्हणजे उजेड सारखा पसरतो.

टॉर्चने जागा पक्की झाली की दिव्याचा बीम अँगल, म्हणजे झोत किती पसरतो तो कोन, ठरवता येतो. ३ मीटर अंतरावर १५ अंशांचा बीम साधारण ०.८ मीटर रुंद पडतो, ३० अंशांचा १.६ मीटर आणि ६० अंशांचा जवळजवळ ३.५ मीटर. म्हणजे उंच सडपातळ खोडाला १५ अंश, पसरट झुडपाला ६०. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा न होता पाव होतो, हेही लक्षात असू द्या, उंच शेंड्यापर्यंत उजेड न्यायचा तर वॅट वाढवण्याआधी बीम अरुंद करा.

४. किती उजेड, कोणत्या रंगाचा

वॅट बघून दिवा घ्यायची सवय सोडा, वॅट म्हणजे वीज किती खातो ते, उजेड लुमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा, हा अंदाज डोक्यात ठेवला की बाकी सगळं सोपं. वाटेच्या दिव्याला १०० ते २०० लुमेन पुरे होतात, पायरीच्या दिव्याला त्याहून कमी, ५० सुद्धा चालतात. मध्यम झाडाला ३०० ते ५००. गाडी लावायच्या जागी किंवा मागच्या अंगणात सेन्सरवर लागणाऱ्या दिव्याला ८०० ते १५००. दुकानात हे आकडे फारच कमी वाटतात कारण दुकान उजेडाने भरलेलं असतं. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड ०.३ लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचं माप) पुढे क्वचितच जातो आणि तरी आपण त्यात आरामात चालतो.

रंगाचं म्हणाल तर घराबाहेर २७०० केल्विन, फार तर ३०००. त्याच्या वर जाऊ नका असं माझं ठाम मत आहे. कारण नुसतं दिसण्याचं नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड काढतात (त्या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं). जितका कूल व्हाइट (म्हणजे जास्त केल्विनचा) तितका निळा भाग जास्त, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, डोळ्याला टोचतो, किड्यांनाही जास्त बोलावतो. सगळे दिवे एकाच केल्विनचे घ्या, एक पिवळसर आणि शेजारचा निळसर असं झालं की कितीही महागडं फिटिंग असलं तरी जुगाड वाटतं. पाना-फुलांवर मारायचा दिवा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० च्या आसपासचा मिळाला तर घ्या, हिरवे-लाल रंग मेल्यासारखे दिसत नाहीत. वाटेच्या दिव्याला ८० खूप झालं.

किड्यांचं निघालंच आहे तर. ते दिव्याकडे 'आकर्षित' होतात असं आपण म्हणतो, पण २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका अभ्यासात हाय-स्पीड कॅमेऱ्याने बघितलं तर किडे उडताना पाठ उजेडाकडे करतात असं दिसलं, म्हणजे उजेड असेल ती बाजू वर असं त्यांचं शरीर धरून चालतं आणि मग बिचारे दिव्याभोवती फिरत अडकतात. दारावरच उघडा बल्ब लावला की दार उघडलं रे उघडलं की सगळी मंडळी घरात. त्यापेक्षा दाराच्या बाजूला, वरून झाकलेला, उबदार रंगाचा आणि गरज नसताना बंद होणारा दिवा. आणि शेवंती किंवा पॉइनसेटिया लावला असेल तर त्याच्यावर रात्री दिवा सोडू नका, या झाडांना फुलायला लांबलचक सलग अंधारी रात्र लागते.

५. वाट आणि पायऱ्या

वाटेचे दिवे समोरासमोर न लावता आलटून पालटून, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, २.५ ते ३ मीटरवर. उंची ४५ ते ६० सेंटीमीटर आणि डोक्यावर टोपी असलेला, म्हणजे उजेड फक्त खाली पडतो. दुकानात तो जमिनीवर ठेवून बघा, उभ्याने चालताना बल्ब दिसत असेल तर तो घेऊ नका. सलग उजेडाचा पट्टा करायची गरज नाही, उजेडाचे गोल एकमेकांच्या जवळ आले की डोळा बाकीचं भरून काढतो. वळणावर आणि पातळी बदलते तिथे मात्र दिवा हवाच.

पायऱ्यांचे दिवे शेजारच्या भिंतीत, पायरीपासून ३० सेंटीमीटर उंचीच्या आत, खाली तोंड करून. प्रत्येक पायरीची कड दिसली पाहिजे, एवढाच मुद्दा. पायरीच्या समोरून तोंडावर येणारा दिवा लावला तर उतरणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तो अंधारात उतरतो त्याहून वाईट पद्धतीने उतरतो.

६. करंट कुठून आणि कसा

इथे जरा नीट वाचा, कारण चुका दिसत नाहीत आणि नंतर खणावं लागतं.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे घरातली मेन लाईन बाहेर न्यायची, दुसरा म्हणजे ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर (एलईडीला लागतो तसा करंट देणारा डबा) लावून १२ किंवा २४ व्होल्टवर चालवायचं. बागेत, जिथे पाणी, कुदळ, मुलं आणि कुत्री आहेत तिथे माझं मत कायम कमी व्होल्टेजला. मेन लाईनचं काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, पाईपमधून, अर्थिंग करून आणि ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरच (करंट गळायला लागला की लाईन तोडणारं स्विच). केबल किती खोल पुरायची याचे तुमच्याकडचे नियम त्यालाच विचारा, कमी खोलीवर भागवतो म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

कमी व्होल्टेजमध्ये शॉकचा धोका खूपच कमी, पण एक गोम आहे, लांब गेल्यावर व्होल्टेज पडतो. हिशेब सोपा आहे: २ गुणिले केबलची लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५ (तांब्याचा ठराविक आकडा), आणि भागिले केबलची जाडी स्क्वेअर एमएममध्ये. समजा ६० वॅटचे दिवे २० मीटर लांब आहेत. १२ व्होल्टवर ५ अँपिअर झाले (६० भागिले १२). १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली तर सव्वादोन व्होल्टच्या वर वाटेतच गेले, टोकाला दहासुद्धा पोचत नाहीत, मग शेवटचे दिवे मरतुकडे का दिसतात असं आपण फिटिंगवाल्याला विचारत बसतो. तीच केबल ४ स्क्वेअर एमएमची घेतली की नुकसान ०.९ व्होल्टवर येतं. किंवा १.५ चीच ठेवून २४ व्होल्टची सिस्टिम घेतली तर करंट निम्मा होतो, १.२ व्होल्ट पडतात पण २४ मधून, ते कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टवर १ व्होल्टच्या आत राहायचं असं मी धरतो. ट्रान्सफॉर्मर अंगणाच्या एका टोकाला न लावता दिव्यांच्या मधे कुठेतरी आणता आला आणि तिथून दोन-तीन फाटे काढले तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

ट्रान्सफॉर्मर पूर्ण भरायचा नाही, ८० टक्क्यांपर्यंतच. ६० वॅटचे दिवे असतील तर किमान ७५ चा, आणि पुढे दिवे वाढवणार असाल (वाढवणारच) तर १०० चा. जुना हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर पडलाय म्हणून एलईडीला जोडू नका, त्याला ठराविक लोड लागतो, एलईडी इतके कमी खातात की ते लुकलुकायला लागतात.

सोलरबद्दल थोडक्यात: खणायचं नसेल आणि जागेला दिवसभर थेट ऊन असेल तर ठीक. झाडाखाली लावलेला सोलर दिवा म्हणजे शोभेची दांडी. ढगाळ आठवड्यात तो संध्याकाळीच झोपतो, म्हणून पायऱ्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. पॅनल वेगळं आणि बॅटरी बदलता येईल असा घ्या.

७. पाणी आत जाणार, असं धरूनच चाला

फिटिंगवर आयपी नंबर असतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. छपराखालच्या दिव्याला ४४ चालतो, उघड्यावर पाऊस झेलणाऱ्याला ६५, जमिनीत गाडायच्या दिव्याला ६७. यात एक गंमत आहे, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, पण त्याचा अर्थ जोरात मारलेल्या पाईपच्या फवाऱ्याला टिकेलच असा होत नाही, ती ६५ ची वेगळी परीक्षा आहे. दोन्ही हवं असेल तर दोन्ही आकडे छापलेले बघा.

पण खरं सांगायचं तर फिटिंग क्वचितच मरतं, मरतो तो जॉइंट. माझे पहिल्या पावसात बंद पडलेले तिन्ही दिवे उघडले तेव्हा आतले एलईडी ठणठणीत होते, नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले जोड हिरवे पडले होते. टेप मातीखाली काहीही कामाची नाही. जेल भरलेले कनेक्टर किंवा रेझिन ओतायचे जॉइंट किट वापरा, आणि शक्य तिथे जॉइंट जमिनीच्या वर बॉक्समध्ये आणा. बॉक्समध्ये केबल नेहमी खालून आत घ्यायची, ग्लँड (केबल आत शिरते तिथली आवळायची चकती) घट्ट करायचा, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यायचा म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोलावरून टपकतं. जमिनीतल्या दिव्याच्या खाली २०-३० सेंटीमीटर खडी भरा, नाहीतर तो खड्डा म्हणजे कायमचं डबकं.

दिव्याशेजारी केबलचा मीटरभर जास्तीचा वेटोळा मातीत सोडून ठेवा. झाड वाढलं, जागा बदलली, जॉइंट पुन्हा करावा लागला, की त्या मीटरची किंमत कळते. झाडावर दिवा बांधायचा असेल तर खोडाला तारेचा फास नको, खोड जाड होतं आणि तार आत रुतते. स्टेनलेस स्क्रूवर, खोडापासून थोडी जागा सोडून लावा आणि दरवर्षी तो जरासा ढिला करा. समुद्राजवळ राहत असाल तर पितळ किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, साधं पॉलिश केलेलं लोखंड सहा महिन्यात रडतं.

८. बटणं आणि सेन्सर

सगळे दिवे एका बटणावर नकोत. वाट आणि दार एकावर, शोभेचे दुसऱ्यावर, सेन्सरवाले तिसऱ्यावर. शोभेच्यांना टायमर, रात्री दहा-अकराला बंद. सूर्यास्ताची वेळ स्वतःच धरणारा टायमर मिळाला तर उत्तम, वर्षभर हात लावावा लागत नाही. फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा सेन्सर) वापरणार असाल तर त्याच्यावर त्याच दिव्याचा उजेड पडत नाही ना ते बघा, नाहीतर दिवा लागतो, सेलला वाटतं उजाडलं, बंद होतो, पुन्हा लागतो, असा रात्रभर खेळ.

मोशन सेन्सर अंगाची उष्णता इकडून तिकडे सरकली की ओळखतो, त्यामुळे सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून तो वाटेच्या तोंडासमोर न लावता बाजूला, २ ते २.५ मीटर उंचीवर लावा. खूप उकाड्यात हवा आणि अंग यांच्यातला फरक कमी होतो तेव्हा त्याची रेंजही कमी होते, बिघडला असं समजून बदलू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटकडे किंवा हलणाऱ्या फांदीकडे त्याचं तोंड असेल तर मात्र तो उगाचच्या उगाच लागत राहील.

आणि सुरक्षेसाठी रात्रभर जळणारा मोठा फ्लड लाईट याबद्दल माझा विश्वास उडालाय. त्याच्या मागे आणि कडेला इतकी गडद सावली पडते की तिथे कुणी उभं असलं तरी दिसत नाही. खाली तोंड केलेले दोन छोटे दिवे आणि सेन्सर, यात चेहराही दिसतो आणि दिवा अचानक लागला की लक्षही जातं.

९. आता खरेदी, आणि पुरण्याआधी आठवडाभर थांबा

आता यादी करून दुकानात जा. केबल पसरा, दिवे जागेवर ठेवा, पण पुरू नका. आठवडाभर तसंच वापरा (केबल वाटेवर आडवी येत नाही ना बघून). रोज रात्री काहीतरी खटकेल, एखादा दिवा हातभर सरकेल, एखादा नकोच वाटेल. माझ्या दुसऱ्या खेपेला नऊपैकी दोन परत गेले. दिव्यांची तोंडं फिरवण्याचं काम रात्रीच करायचं, दिवसा केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

पुरण्याआधी चराचे फोटो काढा, टेप आडवी ठेवून, म्हणजे भिंतीपासून केबल किती अंतरावर आहे ते फोटोतच दिसेल. पुढे कुणी झाड लावायला खड्डा घेईल तेव्हा हाच फोटो कामाला येतो. केबलच्या वर, जमिनीच्या जरा खाली, रंगीत वॉर्निंग टेप टाकून मगच माती लोटा.

सगळं झालं की शेवटची चक्कर अंगणाच्या बाहेर मारा. रस्त्यावरून एकदा, आणि शेजाऱ्यांची हरकत नसेल तर त्यांच्या बेडरूमच्या खिडकीतून एकदा. तिथून तुमचा बल्ब उघडा दिसत असेल तर परत या आणि त्या दिव्याचं तोंड अजून खाली करा.